कोरियन सासरी पहिल्यांदा जाताय? कुणाला काय म्हणायचं, काय खायचं आणि आधी काय ठरवायचं

के-ड्रामा बघणाऱ्यांना कोरियन सासू पाठ असते. ती कॅफेत येते, पैशांचं पाकीट टेबलावरून पुढे सरकवते, "माझ्या मुलाच्या आयुष्यातून निघून जा" म्हणते आणि ऐकलं नाही तर ग्लासातलं पाणी तोंडावर फेकते.

खऱ्या घरात सहसा असं काही होत नाही. खरी सासू दारातच विचारते, "जेवलीस का?" आणि दहा मिनिटांत नवऱ्याच्या एखाद्या काकांचा प्रश्न येतो, "जन्म कोणत्या सालचा?"

पहिला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. दुसरा मात्र खटकतो. आल्या आल्या वय कशाला विचारायचं? पण त्या घरात तुम्ही कुणाला काय म्हणणार, कुणाशी कसं बोलणार आणि कुणाच्या आधी चमचा उचलणार नाही, हे सगळं त्या उत्तरावर अवलंबून असतं.

शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने कोरियात जाणारी मराठी मुलं-मुली आहेत, आणि रांजणगावच्या एलजीसारख्या कारखान्यांमुळे पुण्याच्या आसपास कोरियन माणसंही राहतात. त्यामुळे मराठी-कोरियन जोडपी इन्स्टाग्रामवर दिसली तर आता फार नवल वाटत नाही. रील्समध्ये हानबोक घातलेले फोटो दिसतात. पहिल्या भेटीत नक्की काय होतं, ते फारसं दिसत नाही. तेच इथे समजून घेऊ.

वय आधी, नाव नंतर

कोरियन भाषेत क्रियापदाचा शेवट समोरच्याच्या मानाप्रमाणे बदलतो. आपल्याकडे "ये" आणि "या" यात जो फरक आहे, तो तिथे जवळजवळ प्रत्येक वाक्यात असतो. म्हणून कोण मोठं, कोण धाकटं हे कळल्याशिवाय समोरच्याला नीट बोलताच येत नाही.

उत्तर देताना वयाऐवजी जन्मसाल सांगावं. जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढे. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! २८ जून २०२३ पासून कायद्याने आपल्यासारखंच पूर्ण झालेलं वय धरलं जातं. पण घरातल्या गप्पांमध्ये जुना हिशोब अजून डोकावतो. जन्मसाल सांगितलं की घोळ होत नाही.

ड्रामे बघून शिकलेलं कोरियनही जरा जपून वापरा. पडद्यावरची प्रेमिकांची आणि मित्रांची भाषा बहुतेक वेळा अरे-तुरेची असते. ती सासऱ्यांसमोर निघाली तर हसू होतं किंवा शांतता पसरते. नवऱ्याला "ओप्पा" म्हणायची सवय असेल तर तीही आवरा. या शब्दाचा मूळ अर्थ मुलीचा मोठा भाऊ. प्रियकराला तो सर्रास वापरतात, पण लग्न झाल्यावर सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याला तसं म्हणणं जुन्या माणसांना आवडत नाही.

दीर, नणंद, जाऊ: इथे मराठी कामाला येते

इंग्रजीत विचार करणाऱ्याला कोरियन नाती डोकेदुखी वाटतात. दीर, मेहुणा, साडू, सगळ्यांना एकच शब्द वापरायची सवय असली की वीस वेगळे शब्द कसे पाठ होणार? मराठी माणसाला मात्र चौकट आयती मिळते.

तुम्ही सून असाल तर हे शब्द लागतील:

- सासू: ऑमॉनिम. सासरे: आबॉनिम.
- थोरले दीर: आजुबॉनिम.
- धाकटा दीर: लग्न झालं नसेल तर दोर्यॉन्निम, झालं असेल तर सॉबांगनिम.
- थोरली नणंद: ह्यंगनिम. धाकटी नणंद: आगाश्शी.
- थोरली जाऊ: तिलाही ह्यंगनिम. धाकटी जाऊ: दोंगसॉ.

"ह्यंगनिम" हा शब्द तुम्ही गँगस्टर सिनेमात ऐकला असेल. तिथे गुंड आपल्या बॉसला हेच म्हणतात. थोरल्या जावेला तोच मान आहे! आणि जावांमधलं थोरलं-धाकटं स्वतःच्या वयावर नाही, नवऱ्याच्या क्रमावर ठरतं. थोरल्या दिरांची बायको तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असली तरी ती ह्यंगनिमच. आपल्याकडची थोरली जाऊ आठवली की हे लगेच पटतं.

तुम्ही जावई असाल तर सासू जांगमोनिम आणि सासरे जांगइन ऑरून. मेहुणा छॉनाम, धाकटी मेहुणी छॉजे. साडूला पुन्हा दोंगसॉच, म्हणजे जाऊ आणि साडू यांना कोरियनमध्ये एकच शब्द आहे. जावयाला सासू-सासरे आडनावापुढे "सॉबांग" लावून हाक मारतात. तेव्हा "पाटील सॉबांग" अशी हाक ऐकायची तयारी ठेवा.

नातं किती जवळचं हे मोजायलाही त्यांच्याकडे एकक आहे: "छोन". आई-वडील आणि मूल यांच्यात एक छोन, भावंडांत दोन. काका तिसऱ्या छोनावर, म्हणून काकांना "सामछोन", म्हणजे शब्दशः "तीन छोन" म्हणतात. चुलत भावंडं चौथ्यावर, "साछोन". आणि नवरा-बायको? त्यांच्यात छोनच नाही, अंतर शून्य.

जाण्याआधी जोडीदाराला एका कागदावर घराची वंशावळ काढायला सांगा. प्रत्येक नावापुढे जन्मसाल आणि तुम्ही मारायची हाक लिहून घ्या. पंधरा माणसांच्या घोळक्यात हा कागद भाषांतराच्या ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

या शब्दांवर कोरियातही वाद आहे

वरची यादी नीट पाहिली तर एक गोष्ट खटकेल. नवऱ्याच्या भावंडांच्या नावांत मान देणारं "निम" भरपूर आहे. बायकोच्या भावंडांना ते नाही. नवऱ्याच्या घराला "शिदेक" म्हणतात, त्यात घरासाठी आदरार्थी शब्द आहे. बायकोच्या घराला "छॉगा", त्यात साधं घर. धाकट्या दिराचं "दोर्यॉन्निम" तर पूर्वी नोकर-चाकर मालकाच्या मुलाला म्हणत तोच शब्द.

कोरियन बायकांनी यावर बरीच वर्षं आवाज उठवला. २०२० मध्ये तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेने हाका मारण्याबद्दल एक पुस्तिका काढली. जोडीदाराच्या धाकट्या भावंडांना नावापुढे "श्शी" लावून हाक मारायला हरकत नाही आणि दोन्हीकडच्या आई-वडिलांना सारख्याच हाका मारता येतील, असा तिचा सूर होता. तरुण घरांत हे रुळतंय. आजी-आजोबांच्या घरात जुनेच शब्द चालतात. त्यामुळे "तुमच्याकडे काय म्हणतात?" हे जोडीदाराला आधीच विचारा.

आपण नाकं मुरडायचं कारण नाही. नवऱ्याचा भाऊ "भावोजी" आणि बायकोचा भाऊ "साला", हा हिशोब आपल्याकडेही आहेच. त्यातल्या एका शब्दाची तर शिवी झाली. एका बाबतीत कोरियन सून आपल्यापेक्षा मोकळी आहे. लग्नानंतर तिथे बाईचं आडनाव बदलत नाही. "नाव बदललंस का?" असं तुम्हाला कोरियात कुणी विचारणार नाही. तो प्रश्न माहेरच्या नातेवाइकांकडूनच यायचा.

पाया पडायचं नाही, पण वाकायचं आहे

सवयीने सासूच्या पायांना हात लावायला गेलात तर त्या दचकून मागे सरतील. कोरियात पायांना स्पर्श करत नाहीत. नेहमीच्या भेटीत उभ्याने कमरेतून वाकतात.

लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत किंवा चांद्र नववर्षाला, म्हणजे सॉल्लालला, "क्युनजॉल" करायची वेळ येऊ शकते. गुडघे टेकून केलेला हा मोठा नमस्कार. हात एकमेकांवर ठेवताना पुरुषांचा डावा हात वर, बायकांचा उजवा. दुखवट्याच्या प्रसंगी हे उलट होतं, म्हणून घरी एकदा सराव करा. जिवंत माणसांना हा नमस्कार एकदाच करतात. दोनदा करतात तो गेलेल्यांना. जास्त आदर दाखवायच्या नादात दुसऱ्यांदा वाकू नका!

गुडघे दुखत असतील किंवा धर्मामुळे असा नमस्कार करायचा नसेल, तर जोडीदाराने घरी आधी फोन करून सांगावं. खूप घरांत उभ्याने वाकलेलं चालतं. ऐनवेळी नकार दिला तर मात्र तो अपमान वाटू शकतो.

वस्तू देताना-घेताना दोन्ही हात वापरा. थोरांच्या ग्लासात दोन्ही हातांनी ओता. त्यांच्यासमोर दारू प्यायची वेळ आली तर मान थोडी बाजूला वळवून पितात.

जेवण: खरी परीक्षा शाकाहाऱ्यांची

थोरल्याने चमचा उचलेपर्यंत थांबायचं. सुरुवातीला "छाल मॉक्केस्सुम्निदा", म्हणजे "आवडीने जेवतो", आणि शेवटी "छाल मॉगॉस्सुम्निदा", म्हणजे "छान जेवलो". ही दोन वाक्यं पाठ केली तरी यजमानीण खूश होते. भाताची वाटी हातात उचलत नाहीत. भातात चॉपस्टिक उभ्या खोचत नाहीत, कारण तसं मृतांच्या विधीत करतात. भात हाताने कालवून खाणं तिथे विचित्र वाटतं. पानात गुंडाळून खायचे घास मात्र सगळे हातानेच खातात.

मासे-मटण खाणाऱ्या मराठी माणसाला कोरियन जेवण फारसं अवघड जात नाही. शाकाहारी असाल तर "मी मांस खात नाही" एवढं सांगून भागत नाही. किमचीत बहुतेक वेळा खारवलेला जवळा किंवा माशाचा रस असतो. सूपचं पाणी सुकवलेल्या बारीक मासळीचं किंवा बीफचं असतं. सॉल्लालला सगळ्यांनी खायचं ते तांदळाच्या चकत्यांचं सूप, "त्तॉक्गुक", बऱ्याच घरांत बीफच्या पाण्यात करतात. "कोगी, सेंगसॉन आन मॉगॉयो" म्हणजे मांस, मासे खात नाही. पण हे वाक्य ताटावर बसल्यावर म्हणायचं नाही. आठवडाभर आधी जोडीदाराने आईला सांगायचं, आणि काय चालतं त्याचीही यादी द्यायची: भात, टोफू, मांस न घातलेलं जापचे, भाज्यांचे साइड डिश.

"आमच्याकडे कुणी शाकाहारी नसतं" असं उत्तर आलं तर एक संदर्भ कामाला येतो. कोरियात बौद्ध मठांच्या जेवणाची जुनी परंपरा आहे, "साछाल उमशिक". त्यात मांस-मासे तर नसतातच, लसूण आणि पातीचा कांदाही वर्ज्य असतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी "मठातल्या जेवणासारखं" असं सांगितलं तर सासूला लगेच अंदाज येतो.

जावयांनी आणखी एक लक्षात ठेवावं. कोरियन म्हणीत जावई हा शंभर वर्षांचा पाहुणा आहे, आणि अंड्यांसाठी राखलेली कोंबडी सासू जावयासाठी कापते असं म्हणतात. म्हणजे शाकाहारी जावयाने आधी कळवलं नाही, तर सासूची मेहनत आणि कोंबडी दोन्ही वाया.

सणाला गेलात तर: छुसॉक, सॉल्लाल आणि पितर

पहिली भेट शक्यतो मोठ्या सणाला ठेवू नका. सगळे नातेवाईक एकदम भेटतात हे खरं, पण गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत, सासू स्वयंपाकघरात अडकलेली असते आणि तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. जमलं तर आधी साध्या शनिवार-रविवारी फक्त सासू-सासऱ्यांना भेटा.

सणालाच जायचं असेल तर त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल. छुसॉक हा आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा सण. २०२४ मध्ये तो १७ सप्टेंबरला, आपल्या अनंत चतुर्दशीच्याच दिवशी आला. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला, म्हणजे कोजागिरीला. त्या दिवसाचं पक्वान्न "सोंगप्यॉन": तांदळाच्या पिठीची उकड, आत तीळ किंवा डाळीचं गोड सारण, अर्धचंद्राचा आकार आणि पाइनच्या पानांवर वाफवणं. उकडीचे मोदक वळता येणाऱ्याला हे दहा मिनिटांत जमतं. भाषा येत नसताना सासूशेजारी बसून करता येईल असं यापेक्षा चांगलं काम नाही.

सणाच्या सकाळी पितरांसाठी ताटं मांडतात. त्याला "छारे" म्हणतात, आणि पुण्यतिथीच्या विधीला "जेसा". श्राद्ध पाहिलेल्या माणसाला यात परकं काही वाटत नाही. पण सगळ्या घरांत हे होत नाही. प्रोटेस्टंट घरांत सहसा त्याऐवजी प्रार्थना होते. आपलं सासर कुठल्या प्रकारचं, हे आधी विचारा.

काम कुणी करायचं?

हा सगळ्यात नाजूक भाग. छारेचं जेवण परंपरेने सुना करतात आणि वाकून नमस्कार पुरुष करतात. तासन्‌तास तळणं, मग भांडी. सणानंतर येणाऱ्या थकव्याला आणि भांडणांना कोरियनमध्ये "सणाचा आजार" अशा अर्थाचा खास शब्दच आहे. छो नाम-जू यांच्या २०१६ च्या "किम जी-यंग, जन्म १९८२" या गाजलेल्या कादंबरीत नायिकेच्या मनाचा बांध छुसॉकला सासरीच फुटतो, यात कोरियन वाचकांना आश्चर्य वाटलं नाही.

बदल होतोय, आणि तोही परंपरेच्या घरातून. कन्फ्यूशियन शिष्टाचाराचं मुख्य पीठ मानल्या जाणाऱ्या सॉंगग्युनग्वान या संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये छारेचं सोपं ताट जाहीर केलं. नऊ पदार्थ पुरेत आणि तळलेले पदार्थ करायची गरज नाही, असं सांगितलं. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, असा जो कडक नियम घरोघर पाळतात, त्याला जुन्या ग्रंथांत आधार नाही, हेही स्पष्ट केलं.

पहिल्या भेटीत तुम्ही पाहुणे असता. "मदत करू का?" एकदा मनापासून विचारा. नको म्हटलं तर बसा, हो म्हटलं तर उठा, पण जोडीदारालाही सोबत उठवा. मुलगा स्वतः भांडी घासायला उभा राहिला की सुनेबद्दलच्या अपेक्षा आपोआप बदलतात. पहिल्याच वेळी सूनबाईने एकटीने सगळं स्वयंपाकघर सांभाळलं, तर कौतुक भरपूर होतं आणि पुढच्या वर्षी तेच काम तिचं ठरतं.

काय न्यायचं

ताजी फळं, बिया, मांस आणि दुधाचे पदार्थ यांवर कोरियाच्या विमानतळावर तपासणी आणि निर्बंध आहेत. म्हणून हापूसची पेटी आणि पेढे घरीच ठेवा. पैठणी काठाची ओढणी, सावंतवाडीची लाकडी रंगीत फळं, चांगला चहा हे चालतं. चारचा संच टाळा, कारण चार आणि मृत्यू यांचा उच्चार कोरियनमध्ये सारखाच आहे. आई-वडिलांना पाकिटात पैसे देण्याची पद्धत तिथेही आहे. मात्र पाकिटावर नाव लाल शाईने लिहू नका, ते अशुभ मानतात.

आणि गप्पांसाठी एक भेट फुकट मिळते. कोरियन घराण्यांना आडनावासोबत मूळ गावही असतं. सासरे "किम्हे किम" निघाले तर ते स्वतःच सांगतील की त्यांची मूळ आजी भारतातली. तेराव्या शतकातल्या "सामगुक युसा" या ग्रंथात आयुता नावाच्या देशातून समुद्रमार्गे आलेल्या राजकन्येची कथा आहे. ती राजा सुरोची राणी झाली आणि किम्हे किम घराणं स्वतःला त्या दोघांचे वंशज मानतं. आयुता म्हणजे अयोध्या असं बरेच जण धरतात. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, पण जेवणाच्या टेबलावर ते सिद्ध करायची गरजही नाही.

विमानात बसण्याआधी

भारतीय पासपोर्टवर कोरियाला जायला व्हिसा लागतो. थोड्या दिवसांच्या भेटीसाठी सी-३, जोडीदारासोबत तिथे राहायचं असेल तर एफ-६. कायमचं जाणार असाल तर परदेशी सुनांसाठी सरकारी मदतीचा फोन, "दानुरी", १५७७-१३६६ हा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. तो चोवीस तास चालतो आणि इंग्रजीतही बोलता येतं.

बाकी तयारी दोघांनी एकमेकांसोबत करायची:

- किती दिवस राहायचं आणि झोपायचं कुठे? घरी की जवळच्या हॉटेलात?
- काय खाणार नाही हे घरी कोण सांगणार? उत्तर: ज्याचे आई-वडील आहेत तो.
- कोणत्या विधीत भाग घेणार, कोणत्या वेळी फक्त शेजारी उभं राहणार?
- मूल कधी, पगार किती, धर्म बदलणार का, असे प्रश्न आले तर उत्तर कोण देणार?
- दमल्यावर "जरा बाहेर चक्कर मारून येऊ" म्हणायची खूण कोणती?
- परतल्यावर फोन कोण करणार? सुनेने सासरी नियमित खुशालीचा फोन करावा ही जुनी अपेक्षा आहे. त्यावर तरुण कोरियनांनी "सेल्फ ह्योदो" असा शब्द काढलाय, म्हणजे आपापल्या आई-वडिलांची सेवा आपापली.

पहिल्या भेटीत शब्द चुकतील, वाकताना तोल जाईल, एखादी आजी जोरात हसेल. ते चालतं, कारण तुम्ही परके आहात हे सगळ्यांना माहीत असतं. जोडीदार गप्प बसला आणि सगळं तुमच्यावर सोडलं, तर मात्र ते चालत नाही, कारण त्या खोलीत दोन्ही भाषा आणि दोन्ही घरं माहीत असलेला तोच एक माणूस असतो.